जिन्याची अकरावी पायरी

आमचं घर कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीजवळ. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही दोघं नवरा-बायको वरच्या मजल्यावर अडकलो. वीज गेलेली, आणि उपसा केंद्रंच बुडाल्यामुळे नळही कोरडे. मेणबत्ती घेऊन मी तासातासाला जिना बघायची. अकरावी पायरी दिसेनाशी झाली, तेव्हा मोजणं सोडलं.

यांना साखर आहे. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशी ठेवली होती. त्यात जेमतेम दोन दिवसांचं औषध उरलेलं.

मी नर्स. मिरजेच्या वॉन्लेस हॉस्पिटलात शिकले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं हे मिशनचं हॉस्पिटल. तिथं ऑपरेशनच्या आधी प्रार्थना व्हायची. पेशंट कुठल्याही धर्माचा असो, डोळे मिटून पडलेला असायचा आणि त्याचा श्वास हळूहळू संथ होताना मला दिसायचा. इतक्या जणांना धीर दिलेल्या मला त्या रात्री मात्र प्रार्थनेचा एक शब्द सुचेना. हात कापत होते, आणि त्याची लाज वाटत होती. विश्वास असता तर भीती वाटली असती का, हाच विचार पुन:पुन्हा येत होता.

मग गेथशेमाने बाग आठवली. अटकेच्या रात्री येशू तिथं गेला, आणि तो व्याकूळ झाला होता. हे शुभवर्तमानात लिहिलंय, कुणी लपवलेलं नाही. हे दुःख टळावं म्हणून त्यानं पित्याजवळ मागणं केलं, एकदा नव्हे, तीनदा. सोबत्यांना जागं राहायला सांगितलं, ते झोपले. शेवटी पित्याची इच्छा होवो म्हणून तो उठला आणि पुढं गेला. ख्रिस्ती माणसाला भीती वाटूच नये, असं आपल्या मंडळीतही पुष्कळजण समजतात. मला ते खरं वाटत नाही. प्रभूला जी लपवावी लागली नाही, ती मी का लपवू?

मी मोठ्यानं म्हटलं, ‘‘बापा, मला भीती वाटते. पाण्याची नाही, यांच्या साखरेची.’’ पाणी काही ओसरलं नाही. पण भीतीचं नाव उच्चारल्यावर मला पुढचं काम दिसू लागलं. औषधाचा हिशेब मांडला, डब्यातल्या भाकरी वाटून ठेवल्या, कागदावर औषधाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं. एकटी आहे असं वाटेनासं झालं, म्हणूनच हे सुचलं, असं मी मानते.

सकाळी तालमीची पोरं होडी घेऊन आली. गॅलरीतून कागद खाली सोडला. ‘‘काकी, काळजी करू नका, औषध घेऊनच येतो,’’ एकजण म्हणाला. दुपारी बाटली आली. त्या पोरांच्या कपाळावर गुलाल होता की गंध, आठवत नाही. ती माझ्या प्रार्थनेचं उत्तर होती, हे पक्कं आठवतं.

रॉयल वाइल्डर हे मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचं नाव असलेल्या वाइल्डर मेमोरियल चर्चमध्ये पूर ओसरल्यावर मी साक्ष दिली. सुटकेची गोष्ट सांगण्याआधी थरथरणाऱ्या हातांबद्दल सांगितलं. उपासनेनंतर एक म्हातारी बाई जवळ आली. पुरापासून रात्री दिवा विझवायची भीती वाटते, पण पाळकांना सांगायला लाजते, म्हणाली. आम्ही दोघी मागच्या बाकावर बसलो आणि तिनं सगळं सांगितलं.