ताऱ्यावरचा डाग

ताऱ्यांवर डाग असतात, असे म्हटले की जाणत्या माणसाची पहिली शंका ही, की ते पाहिले कोणी? सूर्यबिंब दुर्बिणीतून कागदावर पाडले तर त्यावरचे डाग शाळकरी मुलालाही मोजता येतात. पण इतर तारे, थोडे अपवाद सोडले तर, मोठ्या दुर्बिणीतही बिंदूच राहतात, आणि बिंदूवर डाग दिसणार तरी कसा? तो दिसत नाही. ताऱ्याचे तेज किती घटले यावरून त्याचा सुगावा लावावा लागतो. मात्र तेज घटले म्हणजे डागच सापडला, असेही नव्हे. खरी गंमत त्या पुढेच आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील व्हिलानोव्हा विद्यापीठाचे एडवर्ड गिनान व त्यांचे सहकारी यांनी कळविले, की मृगाच्या चार पायांपैकी जो तांबूस तारा, ज्याला आपण काक्षी म्हणतो, तो विलक्षण मंदावला आहे. पुढच्या महिन्यात, २४ जानेवारी २०२० रोजी, पौष अमावास्या आली. त्या रात्री मी आदिलाबाद जिल्ह्यातील केस्लापूरला नागोबाच्या जत्रेत होतो. मेसराम कुळातील गोंड मंडळी गोदावरीचे पाणी पायी आणतात आणि याच अमावास्येला महापूजा होते. जत्रेचे दिवे मागे टाकून शेतांकडे वळलो, तेव्हा दहाचा सुमार होता. मृग डोक्यावर आला होता. आदिलाबादची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना कान बांधण्याचे कारण सांगायला नको!

डोळ्याने तेज ठरविण्याची रीत सोपी आहे. एक उजळ शेजारी घ्यायचा, एक मंद शेजारी घ्यायचा, आणि आपला तारा दोहोंच्या मध्ये कोठे बसतो ते पाहायचे. उजळ बाजूला रोहिणी होती, तेज सुमारे ०.९ प्रतीचे, मंद बाजूला मृगाचाच दुसरा पुढचा पाय, १.६ प्रतीचा. (प्रतीचा आकडा वाढला की तेज कमी, ही या शास्त्राची जुनी खोड.) तिघेही आकाशात उंच असल्यामुळे हवेने त्यांचा प्रकाश साधारण सारखाच खाल्ला होता. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले तर तो हळूहळू उजळ भासू लागतो, म्हणून ओझरत्या नजरेनेच पाहावे लागते. एरव्ही काक्षी रोहिणीहून सरस असतो. त्या रात्री तो तिच्याहून स्पष्ट मंद होता आणि शेजारच्या पायापेक्षा जेमतेम उजळ. फेब्रुवारीत तो १.६ प्रतीपर्यंत उतरला. म्हणजे नेहमीच्या ०.५ च्या मानाने प्रकाश एक तृतीयांशाच्या आसपास उरला.

आता हा डाग, की वाटेत आलेली धूळ? डोळ्याला ते सांगता येत नाही. डागाची एक खूण आहे: तो ताऱ्याबरोबर फिरतो. डागाळलेली बाजू समोर आली की तेज उतरते, पलीकडे गेली की चढते, आणि ही लय ताऱ्याच्या भ्रमणकालाशी जुळते. सरठ तारकासमूहातील ए. आर. या जोडताऱ्याच्या तेजावरून जेराल्ड क्रॉन यांनी १९४७ मध्ये डागांचे अनुमान काढले. अशा रूपविकारी जोडताऱ्यांची एक जातच आहे, श्यामशबल समूहातील आर. एस. या ताऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी. एकमेकांच्या ओढीमुळे ते भराभर फिरतात, त्यामुळे त्यांचे चुंबकत्व प्रबळ, आणि डाग अवाढव्य. डाग काळा नसतो बरे! तो भोवतालापेक्षा थंड, एवढेच. सूर्यपृष्ठ सुमारे ५,८०० अंश केल्व्हिन. ४,००० अंशांचा डाग तेवढ्याच जागेतून जेमतेम पाव हिस्सा प्रकाश देतो.

आदिलाबाद ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये निजामिया वेधशाळेचा पाया घातला. तिचाच वारसा चालविणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाची ४८ इंची दुर्बीण १९६८ मध्ये जपाल-रंगापूरला उभी राहिली, आणि या जातीच्या ताऱ्यांचे वेध तेथे घेतले गेले. तमिळनाडूतील कावलूरहूनही वृषभेतल्या व्ही. ७११ या ताऱ्यावर नजर होती. त्याचा फेरा २.८४ दिवसांचा. येथे फरक एक-दोन दशांश प्रतीचा, म्हणून डोळा पुरत नाही. प्रकाशाची वीज करून ती मोजावी लागते.

आदिलाबादच्या कापूस बाजारात गाडी आधी भरलेली काट्यावर चढते, मग रिकामी. दोहोंची वजाबाकी म्हणजे माल. वेधशाळेतही ताऱ्यासह आकाश मोजतात, मग शेजारचे रिकामे आकाश मोजून ते वजा करतात. वजने म्हणून जवळचा एक स्थिर तारा असतो, त्याच्याकडे पुनःपुन्हा वळायचे. आणि ते वजनच खोटे निघू नये म्हणून आणखी एक साक्षीदार तारा. धुके आले तर सर्वांवर येते, फरक तेवढा शिल्लक राहतो. अशा कैक रात्रींचे आकडे फेऱ्याच्या क्रमाने मांडले, की लाट उमटते. पुढल्या वर्षी लाटेचा तळ सरकलेला दिसतो. डाग आपली जागा बदलतात, काही विरतात, नवे उगवतात.

काक्षीच्या बाबतीत ही सोय नव्हती. त्याचा फेरा वर्षानुवर्षांचा, आणि एप्रिलअखेर तर त्याचे तेज बहुतांशी परतही आले. तेव्हा साक्ष दुसरीकडून आणावी लागली. जून २०२० मध्ये हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेतील थावीशा धर्मवर्धना व सहकाऱ्यांनी मिलिमीटरहून लहान रेडिओलहरींतील मापे पुढे केली. धूळ या लहरींना फारशी अडवत नाही. तरी त्यांतही तारा सुमारे वीस टक्के मंदावला होता. पन्नास ते सत्तर टक्के पृष्ठ डागांनी व्यापले असावे, असा त्यांचा निष्कर्ष. धूळपक्षानेही हार मानली नाही. काक्षी हा बिंदू न राहणाऱ्या मोजक्या ताऱ्यांपैकी असल्याने चिलीतील महादुर्बिणीने त्याच्या बिंबाची चित्रे घेतली होती, आणि त्यांत दक्षिणेचा भाग काळवंडलेला होता. जून २०२१ मध्ये मिगेल मोंतार्जेस व सहकाऱ्यांनी त्यांवरून सांगितले, की ताऱ्याने आधी वायूचा लोट फेकला होता. मग दक्षिणेकडचे पृष्ठ थंड झाले आणि त्या गारव्यात वायूची धूळ जमली. डागही होता, आणि त्याच्यासमोर धूळही.