मिश्र मात्रा आणि जहाजाचा जिना

लशीची पहिली मात्रा एका प्रकारची आणि दुसरी निराळ्या प्रकारची, अशी सरमिसळ वैद्यकाने मान्य केली तरी जहाज कंपनी ती मान्य करीलच असे नाही, याचा अनुभव २०२१ साली कॅनडातील अनेक प्रवाशांना आला.

त्या वर्षी मार्चमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या कोविशील्डच्या पाच लाख मात्रा कॅनडात पोहोचल्या. कोविशील्ड म्हणजे ॲस्ट्राझेनेकाचीच लस. पुढे रक्तात गुठळ्या होण्याच्या विरळ, पण गंभीर विकाराची भीती उद्भवली. तेव्हा जूनमध्ये तेथील लसीकरण सल्लागार समितीने या लशीनंतर फायझर अथवा मॉडर्ना घेण्यास संमती दिली. त्या शब्दावर विसंबून लोकांनी दंड पुढे केला.

मात्र अमेरिकी बंदरांतून सुटणाऱ्या सागरी सहली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नियमांनी बांधलेल्या होत्या. तेथील 'पूर्ण लसीकरणा'च्या व्याख्येत ही जोडी बसेना. म्हणून काही कंपन्यांनी अशा उतारूंची गणना लस न घेतलेल्यांत केली. वास्तविक दोन्ही लशी विषाणूच्या त्याच काटेरी प्रथिनाची शरीराला ओळख करून देतात. प्रतिकारशक्ती होती, उणीव होती ती कागदावर!

क्वेबेक प्रांताने तर परदेशी जाणाऱ्यांना, निव्वळ तिकडच्या नियमांपायी, जादा मात्रा देऊ केली. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकी केंद्राने अमेरिकेची वा जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता लाभलेल्या लशींची कोणतीही जोडी ग्राह्य धरली. उन्हाळ्यातील सहली तोवर आटोपल्या होत्या.