बडोद्यात विमानं बनणार, मग नोकरीची वाट कुठून?

बडोदेकरांनो, २८ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या शहरात टाटांच्या सी-२९५ विमान कारखान्याचं उद्घाटन झालं. हवाई दलासाठीच्या अशा ५६ विमानांपैकी ४० इथे जोडली जाणार आहेत. 'आपण तर दुसऱ्या क्षेत्रातले' म्हणून गप्प बसू नका!

✈️ विमान फक्त एरोनॉटिकल इंजिनिअर बनवत नाहीत. फिटर, सीएनसी ऑपरेटर, गुणवत्ता तपासनीस, स्टोअर्स सांभाळणारे, कागदपत्रं चोख ठेवणारे, सगळेच लागतात.

🔧 आधी स्वतःच्या कामाची यादी करा. वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी केलीय? ड्रॉइंग वाचता येतं? तो अनुभव इथेही मोलाचा.

🚆 विमानांपलीकडेही बघा: बडोद्याजवळच्या सावली इथे आल्स्टॉम कंपनी मेट्रोचे डबे बनवते. मकरपुरा जीआयडीसीतले छोटे कारखानेही पाहा. मोठ्या नावापेक्षा तिथे शिरकाव सोपा असतो.

🎓 आयटीआय किंवा डिप्लोमा झालाय? केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा. शिकताना विद्यावेतन मिळतं. लालबागेतल्या गतिशक्ती विश्वविद्यालयाचे अभ्यासक्रमही बघा.

⚠️ नोकरीसाठी कुणी पैसे मागितले, तर सरळ नकार द्या.

१८९० मध्ये सयाजीरावांनी कलाभवन काढलं, ते हाताला नवं कौशल्य मिळावं म्हणूनच. दादासाहेब फाळके तिथेच शिकले आणि पुढे चित्रपटाच्या अगदी नव्या धंद्यात उतरले.

नोकरी शोधणाऱ्या मित्रांपर्यंत ही पोस्ट नक्की पोहोचवा!