ट्रॉलीची सुरक्षा साखळी

दिवाळीच्या सुमारास वर्धा जिल्ह्यात कापसाची वेचणी जोरात सुरू झाली, म्हणजे हिंगणघाट, वर्धा, आर्वी, पुलगाव आणि सिंदी येथील बाजारांकडे जाणारे रस्ते कापसाने भरलेल्या ट्रॉल्यांनी गजबजून जातात. पूर्वी हा माल बैलबंडीने जात असे. बंडीचा भार थोडा व चाल मंद असल्यामुळे जू सुटले तरी ती बहुधा तेथेच थांबे. ट्रॅक्टरमागील ट्रॉलीची गोष्ट निराळी आहे. तिचा भार बंडीच्या कितीतरी पट असतो, वेगही अधिक असतो आणि एवढे ओझे बहुधा एका पिनेवर अवलंबून असते. ती पिन निसटली अथवा मोडली, तर ट्रॉली आवरण्यास काहीही उरत नाही. अशा प्रसंगी उपयोगी पडणारी दुसरी जोडणी म्हणजे सुरक्षा साखळी होय.

पिन का निसटते ?

पांदणीतील चाकोऱ्यांतून जाताना ट्रॉलीचा पुढील दांडा सारखा खालीवर होतो. पिनेच्या टोकास अडकण नसल्यास या धक्क्यांनी पिन हळूहळू वर सरकते व अखेर बाहेर पडते. वर्षानुवर्षांच्या वापराने पिन, हूक व दांड्याची कडी झिजतात. कडीच्या वेल्डिंगला बारीक तडा गेलेला असल्यास तो धुळीत व ग्रीसमध्ये दिसून येत नाही. मूळची पिन हरवल्यावर हाताशी असलेला बोल्ट अगर गज घालून काम भागविण्याची रीतही धोक्याचीच आहे.

सुटलेली ट्रॉली

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. त्यामुळे जोडणी सुटल्यावर चालकाने ट्रॅक्टर थांबविला तरी ट्रॉली थांबत नाही. सपाट रस्त्यावर ती आडवी जाते. चढावर मागे घसरते. उतारावर पुढे धावून ट्रॅक्टरलाच धडकू शकते. दांडा जमिनीवर पडून रुतल्यास भरलेली ट्रॉली उलटण्याचा संभव असतो. नागपूर-हैदराबाद महामार्ग जाम व हिंगणघाटवरून जातो. तेथे पाठीमागून जड वाहने वेगाने येत असतात. आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांतील बराच भाग डोंगराळ आहे. दोन्हीकडे सुटलेली ट्रॉली केवळ मालकाचे नव्हे, तर वाटेने जाणाऱ्या निरपराध माणसाचेही प्राण घेऊ शकते.

साखळी कशी असावी ?

गुरे बांधण्याची साखळी या कामास चालणार नाही. साखळीची तुटण्याची मर्यादा निदान मालासह ट्रॉलीच्या एकूण वजनाइतकी असावयास पाहिजे. उदाहरणार्थ, रिकामी ट्रॉली 15 क्विंटल व कापूस 30 क्विंटल असेल, तर एकूण भार 45 क्विंटल, म्हणजे 4.5 टन होतो. ट्रॉली एकाएकी सुटल्यावर बसणारा हिसका मोठा असतो. म्हणून याहून अधिक ताकदीची साखळी घेणे इष्ट. 80 श्रेणीच्या 10 मिलिमीटर जाड साखळीची भार उचलण्याची मर्यादा सुमारे 3.15 टन असून तुटण्याची मर्यादा तिच्या सुमारे चौपट असते. अशा साखळीच्या कड्यांवर श्रेणीची खूण असते. ती पाहूनच खरेदी करावी. तुटलेली कडी गावातील भट्टीवर जोडून घेऊ नये, कारण उष्णतेने अशा पोलादाची ताकद कमी होते. तारेने बांधणे तर मुळीच योग्य नव्हे.

साखळी लावण्याची रीत

अमेरिकेत मोटारघरातून प्रवास करणारी कुटुंबे आपली लहान मोटार त्यामागे ओढून नेतात. ओढदांड्याखेरीज ते दोन तारदोर दोन्ही वाहनांच्या सांगाड्यांस अडकवितात व दांड्याखाली त्यांची फुली पाडतात. हेच तत्त्व ट्रॉलीसही लागू आहे. दोन साखळ्या घेऊन डावीकडील साखळी उजव्या बाजूस व उजवीकडील डाव्या बाजूस न्यावी. दांडा निसटून खाली आल्यास तो या झोळीत अडकून राहतो व जमिनीवर आदळत नाही.

साखळी ट्रॅक्टरच्या मजबूत सांगाड्यास जोडावी. पिनेस अथवा हुकास नव्हे. अन्यथा पिनेबरोबर साखळीही सुटेल. लिफ्टच्या खालीवर होणाऱ्या दांड्यांनाही ती अडकवू नये. साखळीच्या हुकास आपोआप न उघडणारी खिट्टी असावी. वळताना साखळी ताणली जाऊ नये एवढीच ढील ठेवावी. जमिनीवर घासणारी साखळी झिजते व दांड्यासही सावरू शकत नाही. ट्रॉली ओढण्याचे काम पिनेचेच आहे, साखळीचे नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

प्रवासात पिन सुटून ट्रॉली साखळीवर आली, तर एकदम ब्रेक दाबू नये. मागील भार ट्रॅक्टरवर येऊन आदळेल. वेग हळूहळू कमी करून रस्त्याच्या कडेस थांबावे व प्रथम ट्रॉलीच्या चाकांना दगड लावावेत.

निघण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

1. पिन मूळ मापाची असून तिची अडकण लावलेली आहे काय ?
2. हूक, कडी व वेल्डिंग यांस तडा अगर अति झीज नाही ना ?
3. दोन्ही साखळ्या फुली करून लावल्या असून खिट्ट्या बंद आहेत काय ?
4. भार ट्रॉलीच्या मर्यादेत व सारखा पसरलेला आहे काय ?
5. दांड्यावर अगर कापसावर कोणी बसलेले नाही ना ?

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची होय. वेचणीहून परतणाऱ्या मजूर स्त्रिया व मुले यांना ट्रॉलीत बसवून नेण्याची चाल सर्वत्र दिसते. साखळी ट्रॉलीला सावरील. दांड्यावरून पडलेल्या मुलास सावरणार नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी वेचणीपूर्वी गावात याचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. रिकामी ट्रॉली सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. दांड्याखाली जॅक देऊन पिन काढावी व जॅक सावकाश उतरवावा. दांड्याखाली कोणी हातपाय घालू नयेत. दांडा जमिनीस न टेकता साखळीच्या झोळीत राहिला, तर साखळीची लांबी योग्य आहे. टेकला, तर ती आखूड करावयास हवी. ही परीक्षा अर्ध्या तासात होते. गावातील प्रत्येक ट्रॉलीची ती एकदा झाली, तर हंगामाचे वाहतुकीचे काम निर्धास्तपणे पार पडेल.