पायी चालाले चालली काय?

हिंजवडीतला सॉफ्टवेअर टेस्टिंगचा जॉब सोडून स्कॉटलंडमध्ये हॉटेलच्या खोल्या आवरायच्या आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर चालायचे, हा प्लॅन घरी सांगितला, तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला. त्याचं उत्तर शोधायला मला एकवीस महिने लागले.

सप्टेंबर 2023. पांढरकवड्याजवळचं आमचं गाव, घराची ओसरी, समोर चहा. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. नोकरी सोडतेय, दोन वर्षांच्या व्हिसासाठी माझा नंबर लागलाय, तिकडे मिळेल ते काम करणार आणि डोंगरातून पायी फिरणार. बाबांनी कप खाली ठेवला. "एवढी शिकली, इंजिनीअर झाली, अन् आता पायी चालाले चालली काय?"

हसू नका. प्रश्न जेन्युइन होता. आमच्याकडे 'वॉक'ला कोणी जात नाही. चालतो तो, ज्याच्याकडे गाडी नसते. बाबा शाळेत पायी गेले. आई आजही कापूस वेचायला शेतापर्यंत पायी जाते. मुलीला हे करावं लागू नये म्हणून त्यांनी आधी मला सायकल घेऊन दिली, मग यवतमाळच्या होस्टेलची फी भरली, मग इंजिनीअरिंगची. आणि ती मुलगी आता पैसे खर्च करून 154 किलोमीटर चालायला निघाली होती.

वीकेंड ट्रेकर ते सोलो

सुरुवात तुमच्या-माझ्यासारखीच झाली. ऑफिसचा ग्रुप, शनिवारची रात्र, राजमाचीची वाट आणि सोमवारी पायांचे तुकडे. मग हरिश्चंद्रगड झाला, कळसूबाई झालं. हळूहळू ग्रुपमधल्या मंडळींची लग्नं झाली, ईएमआय सुरू झाले, आणि रविवारी सकाळी बॅग घेऊन निघणारी मी एकटीच उरले. 'सोलो ट्रॅव्हलर' या शब्दाला भलतंच ग्लॅमर आहे. माझ्या बाबतीत कारण एवढंच होतं, की सोबत यायला कोणी नव्हतं.

2021 मध्ये वर्क फ्रॉम होम होतं, त्याचा फायदा घेऊन मी लॅपटॉपसकट हिमाचल गाठलं. एका छोट्या होस्टेलमध्ये संध्याकाळी रिसेप्शन सांभाळायचं आणि त्या बदल्यात फुकट बेड. दिवसा बग शोधायचे, सुट्टीच्या दिवशी डोंगर. 'दोन आठवडे' म्हणून गेलेली मी सात महिने राहिले. तिथं एक गोष्ट कळली. लांबचा प्रवास सेव्हिंग्जवर होत नाही, वाटेत काम करत होतो. 2022 मध्ये कंपनीनं परत बोलावलं. मी क्युबिकलमध्ये जाऊन बसले, पण मन तिथं बसेना.

आमच्या गावचा वॉकर

त्या दिवसांत मला सारखा एक वाघ आठवायचा. आमच्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला. 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली. त्याच वर्षी जूनमध्ये तो स्वतःसाठी जागा शोधायला निघाला. शेतं, नाले, हायवे ओलांडत, तेलंगणातही डोकावून, तो बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांतलं त्याचं चालणं भरलं 3000 किलोमीटरपेक्षा जास्त. दिवसा लपायचं, रात्री चालायचं. नाव पडलं 'वॉकर'.

यवतमाळची बातमी म्हटली की कापूस, कर्ज आणि आत्महत्या, एवढंच बाहेरच्यांना माहीत असतं. त्या वर्षी पहिल्यांदा आमच्या जिल्ह्यातला कोणीतरी नुसता चालला म्हणून जगाच्या बातम्यांत आला होता. मी तो नकाशा प्रिंट काढून डेस्कवर लावला.

माणसांचीही उदाहरणं होती की! शेजारच्या वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी देशाबाहेर पडले, अमेरिकेत मिळेल ती कामं करत शेतकी शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर संशोधन करणारे मोठे शास्त्रज्ञ झाले. परभणी जिल्ह्यातल्या विष्णुदास चापके यांनी 2016 ते 2019 अशी तीन वर्षं 35 देशांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. थोडक्यात, आपल्या भागातली माणसं घराबाहेर पडत नाहीत, ही निव्वळ अफवा आहे.

लॉटरी लागली, पण...

2023 मध्ये ब्रिटननं भारतीयांसाठी 'यंग प्रोफेशनल्स स्कीम' सुरू केली. वय 18 ते 30, हातात डिग्री, वर्षाला 3000 जागा आणि निवड चक्क लॉटरीनं. सगळ्यात भारी म्हणजे आधी नोकरी शोधायची अट नाही. जुलैच्या बॅलटमध्ये नाव टाकलं आणि नंबर लागला. तेव्हा मी 29 वर्षांची होते, म्हणजे गाडी अगदी सुटता सुटता पकडली.

खात्यात 2530 पौंड दाखवायचे होते. तेव्हाच्या दरानं दोन लाख पासष्ट हजारांच्या आसपास. शिवाय व्हिसा फी, हेल्थ सरचार्ज, टीबीची टेस्ट, तिकीट. एवढ्यात आमच्या शेतात बोअर झाली असती. हे मला माहीत होतं आणि बाबांनाही माहीत होतं. दोघांपैकी कोणीच ते बोललं नाही. ते न बोलणं मी बॅगेत भरून नेलं.

हात दाखव बरं

फेब्रुवारी 2024 मध्ये हायलँड्समधल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला लागले. शिफ्टला चौदा खोल्या. चादरी बदला, बाथरूम घासा, ड्युव्हेचं कव्हर चढवा. (हे शेवटचं काम एकट्यानं करून बघा, मग बोलू.) एप्रिलपासून तासाला 11.44 पौंड, म्हणजे तिथला कायदेशीर किमान पगार. राहायला स्टाफ क्वार्टर, त्याचे दिवसाला 9.99 पौंड कापायचे. आठवड्यातून दोन दिवस सुट्टी, आणि खिडकीबाहेर डोंगर.

घरी मात्र मी 'हॉटेल इंडस्ट्रीत आहे' एवढंच सांगितलं होतं. तीन महिने ते खपलं. मग एका व्हिडिओ कॉलवर केस मागे सारताना आईला माझी बोटं दिसली. केमिकलनं सोललेली, नखांपाशी फाटलेली.

"हात दाखव बरं. असे काऊन झाले वं?"

मी काहीतरी थाप मारणार होते. पण समोर कोण होतं? पराटीच्या बोंडांनी बोटं ओरबाडून घेत जिनं आयुष्य काढलं, ती बाई. कामाचे हात तिला मी काय शिकवणार! मी खरं सांगून टाकलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "रात्री खोबऱ्याचं तेल लावत जाय." बाबा फोनवर आलेच नाहीत. पुढचे दोन रविवारही आले नाहीत.

मलगाय ते फोर्ट विल्यम

मेमध्ये आठ दिवसांची रजा जमवून वेस्ट हायलँड वेला निघाले. ग्लासगोजवळच्या ज्या गावातून ही वाट सुरू होते, त्याचं स्पेलिंग वाचून तुम्ही 'मिल्नगाव्ही' म्हणाल. उच्चार आहे 'मलगाय'. मला एकदम घरच्यासारखं वाटलं!

पाठीवर चौदा किलो. दुसऱ्या दिवशी कॉनिक हिलवरून लॉक लोमंडचं तळं दिसलं आणि दोन्ही टाचांना फोड आले. तिसऱ्या दिवशी मी जादाची जीन्स आणि जाडजूड पुस्तक एका होस्टेलच्या शेल्फवर सोडलं. पाचव्या-सहाव्या दिवशी रॅनॉक मूर. नजर पोचेल तिथवर पाणथळ माळ, झाड नाही, आडोसा नाही, आडवा पाऊस. तिथं मी मोठ्यानं रडले. ऐकायला फक्त मेंढ्या होत्या, त्यांनीही लक्ष दिलं नाही.

आणि तरी चालत राहिले, कारण दुसरा काही पर्यायच नव्हता. मागे फिरायलाही तेवढंच चालावं लागणार होतं. डेव्हिल्स स्टेअरकेस हा त्या वाटेवरचा सगळ्यात उंच भाग, जेमतेम साडेपाचशे मीटर. तिथं पोचले तेव्हा ऊन पडलं होतं. मी बसले आणि डब्यातला शेवटचा ठेचा ब्रेडला लावून खाल्ला.

आपल्या कळसूबाईची उंची 1646 मीटर आणि ब्रिटनमधल्या सगळ्यात उंच बेन नेव्हिसची 1345. या आकड्यांच्या जोरावर मी ऑक्टोबरमध्ये बेन नेव्हिसवर भलत्याच आत्मविश्वासानं गेले. चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, आणि वर हवा कधी फिरेल याचा नेम नाही. शेवटच्या टप्प्यात धुकं असं उतरलं, की स्वतःचे बूट दिसेनात. वीस मिनिटं एका दगडाशी उभी राहिले आणि परत फिरले. त्या दिवसाचा फोटो नाही, पण एकट्यानं फिरताना घेतलेला माझा तो सगळ्यात शहाणा निर्णय होता.

हिवाळा जड गेला. डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. दिवाळीला मी शिफ्टवर होते. फोटोतला सोलो प्रवास आणि स्टाफ रूममधला एकटेपणा यांत फरक असतो, हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून सांगते.

उत्तर

नोव्हेंबर 2025 मध्ये वेचणीच्या दिवसांत घरी आले. दुसऱ्याच दिवशी बाबांनी शेतात जायला गाडी काढली. म्हटलं, चालते. त्यांनी गाडी उभी केली आणि सोबत निघाले. बराच वेळ कोणी बोललं नाही.

"तिकडे रोज किती चालत होती?"

"वीसेक किलोमीटर."

"आपल्या वेचणाऱ्या बाया बी तेवढंच चालते. त्याईले कोणी इचारत नाही."

खरं होतं. मी काही ग्रेट केलं नव्हतं. फरक एवढाच, की त्यांना चालावंच लागतं आणि मी ते निवडलं. ही निवड मला कुणी विकत घेऊन दिली, हे मला त्या रस्त्यावर दिसलं. माझ्या आधी दोन माणसं आयुष्यभर चालली, म्हणून मला चालायचं की नाही, हे ठरवता आलं. बाबांना म्हटलं, "हो बाबा, पायीच चालाले गेली होती." ते हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी आई माझे हायकिंगचे बूट उलटेपालटे करून बघत होती. "हे मले वेचाले चालन काय?" एक नंबर मोठे होते. दुसऱ्या दिवशी दोन जोड मोजे घालून ती ते घेऊन गेली. ते अजून परत मिळालेले नाहीत.

तुम्हालाही जायचंय?

• ब्रिटनच्या स्कीममध्ये बॅलटला नाव टाकायला फी नाही. पैसे मागणाऱ्या एजंटपासून लांब राहा. अर्ज करण्याआधी सरकारी साइटवरचे ताजे नियम वाचा.

• ऑस्ट्रेलियानंही 2024 पासून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसाचं बॅलट सुरू केलं. वयाची अट 18 ते 30, वर्षाला 1000 जागा.

• राहायची सोय असलेली हॉटेलची नोकरी बघा. पगारातून काय कापणार, ते आधी लेखी घ्या.

• स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्यानं बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीनं चालायचा आणि तंबू ठोकायचा हक्क दिला आहे. लॉक लोमंडच्या काठावर काही भागांत मात्र मार्च ते सप्टेंबर परमिट लागतं.

• उन्हाळ्यात 'मिजेस' नावाची चिलटं जीव नकोसा करतात. डोक्यावर घ्यायची जाळी न्याच.

• एकट्यानं निघताना वाट आणि परतायची वेळ कुणाला तरी सांगून जा. कागदी नकाशा सोबत ठेवा. आणि परत फिरायची लाज वाटू देऊ नका.