शेवटच्या चित्राची मुळं

पॅरिसच्या उत्तरेला सुमारे ३० किलोमीटरवर, ओआज नदीच्या काठी, ओव्हेर-स्युर-ओआज हे टुमदार गाव आहे. सकाळी पॅरिसहून निघालं की संध्याकाळपर्यंत पायी सहज बघून होतं. नदीच्या ओढीनं चित्रकार इथं फार पूर्वीपासून येत. दोबिन्यीनं तर होडीतच स्टुडिओ थाटून ओआजचे काठ रंगवले.

गावाचं नाव जगभर झालं ते मात्र व्हिन्सेंट व्हॅन गॉगमुळे. २० मे १८९० रोजी तो इथं आला, रावू यांच्या खानावळीच्या माळ्यावर राहिला आणि सुमारे ७० दिवसांत ७०हून अधिक चित्रं रंगवून गेला! त्यानं रंगवलेलं चर्च, नगरपालिकेची इमारत, वरच्या पठारावरची गव्हाची शेतं आजही आहेत. शेजारी चित्राची प्रत लावलेली असते. चित्र आणि जागा एकाच नजरेत मावतात.

एका चित्राची जागा मात्र १३० वर्षं कुणालाच ठाऊक नव्हती. ते होतं त्याचं अखेरचं, अपुरं राहिलेलं ‘झाडांची मुळं’. त्यात आकाश नाही, क्षितिज नाही. आहेत फक्त निळसर खोडं, वेडीवाकडी मुळं आणि पिवळसर माती. जागा ओळखायची कशावरून?

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये वूटर व्हान डेर वेन हे संशोधक घरबसल्या जुन्या पोस्टकार्डांच्या प्रती पाहत होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका कार्डावर रस्त्यात सायकलवाला दिसत होता आणि त्याच्या मागच्या उतारावर तीच मुळं! तो रस्ता खानावळीपासून अवघ्या १५० मीटरवरचा. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी आणि एका वृक्षतज्ज्ञानं चित्र, कार्ड आणि उतार ताडून पाहिले. हीच जागा असण्याची दाट शक्यता त्यांनी सांगितली. लाकडासाठी पुन्हा पुन्हा छाटलेली ती झाडं बुंध्यातून परत फुटत राहिली. सगळ्यात मोठा बुंधा आजही तिथं आहे.

चित्रातलं ऊन उतरत्या दुपारचं आहे, असं व्हान डेर वेन सांगतात. म्हणजे २७ जुलैला, स्वतःवर गोळी झाडण्याच्या काही तास आधीपर्यंत, व्हिन्सेंट तन्मयतेनं काम करत होता. दोन दिवसांनी तो गेला. गावच्या दफनभूमीत तो आणि धाकटा भाऊ थिओ शेजारी शेजारी आहेत.

ओव्हेरला गेलात तर दोबिन्यी रस्त्यावरचा हा उतार चुकवू नका, आणि दुपार कलल्यावरच तिथं जा.