किल्लीला थाप मारता येत नाही
20 जुलै 2022. क्लाउडफ्लेअर या अमेरिकी कंपनीच्या किमान 76 कर्मचाऱ्यांना मिनिटाभरात एसएमएस आले. त्यात बनावट लॉगिन पानाची लिंक होती. तिघांनी तिथे पासवर्ड टाकलाही! लॉगिनसाठी फोनच्या ॲपमधला सहा आकडी कोड लागत असता, तर चोरांनी तोही मागून घेऊन मुदत संपायच्या आत खऱ्या साइटवर वापरला असता. पण कंपनीत प्रत्येकाकडे पेनड्राइव्हसारखी सुरक्षा-किल्ली होती. वेबपत्ता जुळल्याशिवाय ती लॉगिनला लागणारी डिजिटल सहीच करत नाही. माणसाच्या डोळ्याला जो पत्ता पटला, तो किल्लीला पटला नसता. फोनमधली ‘पासकी’ ही डिजिटल किल्लीही याच तत्त्वावर चालते, म्हणून फोनला उगाच नावं ठेवू नयेत, कच्चा दुवा आहे तो हाताने टाइप करायचा कोड. किल्ल्या मात्र दोन घ्या. एक खिशातून धुण्यात गेली, तर?